‘सर, हम जीते या हारे?’

उर्दूत इतिहासाला ‘तारीख’ म्हणतात. मराठीत तारीख म्हणजे दिनांक. आमच्या शाळेतील मुलांनी दोन्ही भाषांचा मेळ घालून आपल्यापुरता एक अर्थ काढला आहे : तारीख म्हणजे तारखा पाठ करण्याचा विषय. परीक्षेपर्यंत त्या लक्षात ठेवायच्या आणि पेपर दिला की विसरून जायच्या. बी.एड.च्या वर्षात पाठ टाचणे काढताना ‘विद्यार्थ्यांमध्ये ऐतिहासिक दृष्टिकोन निर्माण करणे’ हे उद्दिष्ट आम्ही किती वेळा लिहिले याची गणती नाही. तो दृष्टिकोन वर्गात कसा निर्माण होतो हे मात्र कोणत्याही टाचणात लिहिलेले नव्हते.

गेल्या वर्षी पोर्तुगिजांचा धडा चालू होता. फळ्यावर आम्ही १५१० हा आकडा लिहिला आणि सांगितले की, या साली अल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा घेतले. मुलांनी वहीत उतरवून घेतले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील मासेमारीच्या बोटीवर तांडेल आहेत. तो म्हणाला, “सर, इस लडाई में हम जीते या हारे?”

वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळलो. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. त्याचा ‘हम’ म्हणजे कोण? आदिलशहा? मुसलमान? हिंदुस्थानी? कोकणातले लोक? उर्दूत एकच ‘हम’ आहे. मराठीने मात्र दोन शब्द करून ठेवले आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. त्या मुलाचा ‘हम’ यांपैकी कोणता, हे त्याला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर आम्हालाही नव्हते.

शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना हा विषय निघाला आणि दिवाळीच्या सुट्टीत जुने गोवे पाहून यायचे ठरले. आम्ही पाच जण होतो, तीन शिक्षक आणि दोन आपा. रत्नागिरीहून कोकण रेल्वेने निघालो आणि करमळी स्थानकावर उतरलो. तिथून जुने गोवे अगदी जवळ. यापूर्वी शाळेच्या सहली घेऊन आम्ही इथे दोनदा आलो होतो. पण सहलीत मुले मोजण्यातच वेळ जातो. चाळीस मुले चर्चमध्ये गेली, चाळीस बाहेर आली, एवढेच काय ते लक्षात राहते. म्हणून या वेळी पैसे काढून आमच्या पाच जणांपुरता एक माहितगार माणूस ठरवला. ते सत्तरीचे, त्याच परिसरातील ख्रिस्ती गृहस्थ. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. आम्हीही मास्तर आहोत हे कळताच त्यांचा चेहरा खुलला. आम्ही त्यांना ‘सर’ म्हणू लागलो आणि ते आम्हाला ‘टीचर’.

आम्ही म्हटले, “सर, चर्च दाखवाच, पण आम्हाला १५१० चं शहर बघायचं आहे.”

ते म्हणाले, “तर मग चर्चपासून सुरुवात नको. नदीपासून करू.”

त्यांनी आम्हाला मांडवीच्या धक्क्यावर नेले. समोर दिवाडी बेट, मध्ये ये-जा करणारी फेरीबोट. सर म्हणाले, हे शहर नदीमुळे झाले. आधीची राजधानी गोपकपट्टण दक्षिणेला जुवारीच्या काठी होती, कदंब राजांची. पुढे मांडवीकाठच्या एळा गावाला महत्त्व आले. १४७२ मध्ये बहमनींचा वजीर महमूद गावान याने विजयनगरकडून गोवा घेतले. बहमनी राज्य फुटल्यावर ते विजापूरच्या आदिलशहाकडे आले. एळा हे मोठे बंदर झाले. अरबस्तान आणि इराणी आखातातून घोडे इथे उतरत आणि दख्खनच्या फौजांना विकले जात. घोड्यांच्या या व्यापारावर ज्याचा ताबा, त्याच्या हातात दख्खनच्या लढायांची नाडी. पोर्तुगिजांना हे बंदर हवे होते, त्याचे हेही एक मोठे कारण.

मग दिवाडीकडे बोट करून त्यांनी सप्तकोटेश्वराची गोष्ट सांगितली. हे कदंबांचे कुलदैवत त्या बेटावर होते. चौदाव्या शतकात बहमनी फौजांनी देऊळ पाडले. विजयनगरच्या अमलात माधव मंत्र्याने ते पुन्हा उभे केले. पोर्तुगिजांनी ते पुन्हा पाडले. मग लिंग नदीपलीकडे नार्व्याला गेले आणि तिथे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. सरांनी हे सगळे फेरीबोटीचे वेळापत्रक सांगावे तशा आवाजात सांगितले. कोणाला टोचावे असा हेतू त्यात नव्हता. तरी बहमनींचे नाव आले तेव्हा आमच्यापैकी एक-दोघांनी नजर पाण्याकडे वळवली.

धक्क्याकडून शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर व्हाइसरॉयची कमान आहे. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना, सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती बांधली. नवा व्हाइसरॉय जहाजातून उतरला की याच कमानीतून शहरात शिरायचा आणि शहराच्या किल्ल्या त्याच्या हाती दिल्या जायच्या. मूळ कमान कोसळल्यावर १९५४ मध्ये ती पुन्हा उभारली. नदीच्या बाजूला पणजोबाचा पुतळा आहे. सर म्हणाले, “पुढे या आणि मागं वळून बघा.” शहराच्या बाजूने वर पाहिले तर एक स्त्री उभी होती आणि तिच्या पायाखाली एक माणूस आडवा पडलेला होता.

“हा कोण?” धाकट्या आपांनी विचारले.

“कुणी म्हणतं मुसलमान, कुणी म्हणतं इथलाच कुणी माणूस,” सर म्हणाले. “मी म्हणतो, जो हरला तो.”

तिथून थोड्याच अंतरावर, सेंट कॅजेटनच्या चर्चजवळ, आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा आहे. दरवाजा म्हणजे फक्त चौकट. काळ्या दगडाचे दोन खांब, वर आडवा दगड, बाजूला दगडी जाळीचे उरलेले तुकडे आणि खाली काही पायऱ्या. मागे वाडा नाही. पायऱ्या चढून आत पाऊल टाकावे तर आपण पुन्हा बाहेरच, गवतावर. १५५४ पासून १६९५ पर्यंत पोर्तुगीज व्हाइसरॉय याच वाड्यात राहत. पुढे शहरात रोगराई वाढली, माणसे नदीच्या खालच्या अंगाला पणजीकडे सरकली आणि वाडा ओस पडला. १८२० मध्ये सरकारनेच तो पाडला. त्याच्या दगडांतून पणजीत घरे उभी राहिली. चौकट मागे राहिली.

सरांनी आम्हाला खांबांवरचे कोरीव काम पाहायला सांगितले. हे काम देवळाच्या धाटणीचे आहे. आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा, पण घडण हिंदू कारागिरीची. एखाद्या जुन्या देवळाचे दगड इथे बसवले की स्थानिक कारागिरांनी आपल्या सवयीने असे कोरले, यावर लोक वाद घालतात.

“या जागेवर मला गिऱ्हाइकाची ओळख पटते,” सर हसून म्हणाले. “मुसलमान इथं फोटो काढून घेतात. हिंदू विचारतात, कुठल्या देवळाचे दगड? आमचे ख्रिस्ती लोक घड्याळ बघतात, कारण त्यांना मिस्सेला जायचं असतं. आणि गोरे काही विचारत नाहीत, त्यांना ऊन लागलेलं असतं.”

आम्ही खजील झालो, कारण आमचा फोटो नुकताच काढून झाला होता.

तिथल्या पायऱ्यांवर सावली पाहून बसलो आणि सरांनी १५१० सांगितले. पाठ्यपुस्तकातील ती एक ओळ नऊ-दहा महिन्यांची गोष्ट होती. फेब्रुवारीच्या अखेरीस अल्बुकर्कचे आरमार मांडवीत शिरले. होनावरचा तिमोजा त्याच्या मदतीला होता. शहर फारसे लढले नाही. मे महिन्यात आदिलशाही फौजेने ते परत घेतले. पाऊस सुरू झालेला, समुद्रात जाता येईना, म्हणून पोर्तुगीज जहाजे पावसाळाभर नदीतच अडकून उपाशी पडली. त्याच वर्षी यूसुफ आदिलशहा वारला आणि लहानगा इस्माईल गादीवर आला. २५ नोव्हेंबरला, म्हणजे सेंट कॅथरिनच्या सणाच्या दिवशी, अल्बुकर्क परत आला आणि शहर पडले.

त्यानंतर जे झाले ते अल्बुकर्कने स्वतःच आपल्या राजाला कळवले आहे. २२ डिसेंबर १५१० चे त्याचे पत्र प्रसिद्ध आहे. कित्येक दिवस शहरात मुसलमानांची कत्तल चालली होती. पुरुष, बायका कोणालाही सोडले नाही. मशिदींत माणसे भरून आग लावली. मेलेल्यांचा आकडा त्याने सहा हजार दिला आहे. शेतकरी आणि ब्राह्मण यांना मात्र मारू नये असा हुकूम होता. हे त्याने लपवले नाही. पराक्रम म्हणून लिहिले.

कोणी काही बोलले नाही. आमच्यातील सर्वांत तरुण सहकाऱ्याचा आवाज चढला. “हे पुस्तकात का नाही? एका ओळीत उरकलं! मुलांना हे सांगितलंच पाहिजे. आपली सहा हजार माणसं...”

थोरल्या आपा शांतपणे म्हणाल्या, “सांगा ना. पण मग दिवाडीचं देऊळही त्याच तासाला सांगा.”

“त्याचा याच्याशी काय संबंध?”

“संबंध हाच की, तिथं कोणी आमचं नाव घेतलं की आपण नदीकडे बघतो, आणि इथं आपले म्हणून रडतो. इतिहास शिकवायचा तर दोन्हीकडे बघावं लागेल.”

वाद वाढला. आम्ही उर्दूत बोलू लागलो, म्हणजे सरांना कळू नये. अर्थात त्यांना सगळे कळत होते. ते थोडे दूर जाऊन उभे राहिले आणि आम्हाला भांडू दिले. शिक्षक माणूस, वर्गाला कधी मोकळे सोडायचे हे त्यांना ठाऊक होते.

त्या पायऱ्यांवर आम्हाला एक गोष्ट उमगली. मेलेल्या सहा हजारांसाठी जीव तुटणे वेगळे आणि आदिलशहाला आपला म्हणणे वेगळे. आम्ही कोकणी मुसलमान. आमचे पूर्वज तख्तावर बसलेले नव्हते, ते तांडेल होते, खलाशी होते, सुक्या मासळीचे आणि नारळाचे व्यापारी होते. गोव्याच्या भूमीशी मुसलमानांचे नाते आदिलशाहीहून कितीतरी जुने आहे. कदंब राजा जयकेशी पहिला याच्या अकराव्या शतकातील ताम्रपटात अरब वंशाच्या एका अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. त्याने राजधानीत मशीद बांधली. ताम्रपटात तिला ‘मिजिगिती’ म्हटले आहे. तिच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर पट्टी बसवली होती. हिंदू राजाच्या आज्ञेने मशिदीची सोय होत होती आणि ती जकात जहाजे भरत होती. आमच्या वर्गातील त्या तांडेलाच्या मुलाचे खरे घराणे शोधायचे तर ते या जहाजांकडे जाईल, वाड्याकडे नाही. आणि १५१० मध्ये जे मेले त्यांतही वाड्यातले किती आणि बंदरावरचे किती असतील?

सर परत आले आणि म्हणाले, “त्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे, टीचर. ज्या बायका हाती लागल्या त्यांतल्या कित्येकींना बाप्तिस्मा देऊन त्यानं आपल्या शिपायांशी लग्नं लावली. नव्या शहराचे पहिले संसार ते. म्हणजे इथं जन्मलेल्या पहिल्या ख्रिस्ती पिढीत कितीतरी मुलांच्या आया कालपर्यंत मुसलमान होत्या.”

हे आम्ही कोणीच कधी मनात आणले नव्हते. आम्ही मेलेले मोजत होतो. राहिलेल्या बायका कोणाच्याच हिशेबात नव्हत्या.

तिथून आम्ही से कॅथेड्रलकडे चालत गेलो. ‘से’ म्हणजे बिशपचे पीठ. ज्या गावात ते असते ते कॅथेड्रलचे गाव. या पीठाची सुरुवात मोठ्या इमारतीपासून झाली नाही. अल्बुकर्कने विजयाची आठवण म्हणून सेंट कॅथरिनच्या नावाने एक छोटे प्रार्थनाघर बांधले. ते आजही थोडे पलीकडे, झाडीत आहे. शहराच्या तटाचा जो दरवाजा ओलांडून अल्बुकर्क आत आला तो या जागी होता, असा शिलालेख तिथे लावला आहे. १५३४ मध्ये पोपने त्या प्रार्थनाघराला कॅथेड्रलचा दर्जा दिला. १५५७ मध्ये गोव्याला आर्चबिशप मिळाला. पूर्वेकडच्या पोर्तुगीज मुलखाचा धर्मकारभार इथून चाले. आताचे से कॅथेड्रल बांधायला १५६२ मध्ये सुरुवात झाली आणि मुख्य इमारत पूर्ण व्हायला १६१९ साल उजाडले. लांबी सुमारे ७६ मीटर, रुंदी सुमारे ५५ मीटर. दर्शनी भागाला दोन मनोरे होते. त्यांतला उत्तरेकडचा १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. त्यामुळे इमारत समोरून पाहताना एका खांद्याने झुकल्यासारखी वाटते. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ म्हणून ओळखली जाणारी मोठी घंटा आहे. तिच्या आवाजासाठी तिला ते नाव मिळाले.

आत गेल्यावर उंचीमुळेच माणूस गप्प होतो. समोर सोनेरी मुलाम्याची मुख्य वेदी आणि तिच्यावर सेंट कॅथरिनच्या जीवनातील प्रसंग कोरलेले. ही कॅथरिन मिसरमधील अलेक्झांड्रियाची. कथा अशी की, तिने बादशहाच्या दरबारातील विद्वानांशी वाद घालून त्यांना निरुत्तर केले आणि आपला धर्म सोडला नाही म्हणून तिचा शिरच्छेद झाला. आम्ही त्या फलकांपुढे बराच वेळ उभे राहिलो. धर्मासाठी मारल्या गेलेल्या एका मुलीच्या सणाच्या दिवशी धर्मासाठी सहा हजार माणसे मारली गेली, आणि तिच्या नावाने हे मंदिर उभे राहिले. यात तिचा काय दोष? बाजूला काही बायका गुडघे टेकून प्रार्थना करत होत्या. त्यांचाही काही दोष नव्हता. आम्ही चपला काढलेल्या नव्हत्या याचे उगाच अवघडल्यासारखे झाले. इबादतीच्या जागी पायांत चपला, ही आमच्या सवयीतली गोष्ट नव्हे.

बाहेर आल्यावर सरांनी चौकाच्या दक्षिणेकडील मोकळी जागा दाखवली. तिथे एक वाडा होता. पोर्तुगीज त्याला ‘सबायो’चा वाडा म्हणत. यूसुफ आदिलशहा इराणातील सावा गावाशी जोडला जाई, त्यावरून पडलेले हे नाव. आधी पोर्तुगीज गव्हर्नर तिथे राहिले आणि १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशनचे न्यायालय बसले. १७७४ ते १७७८ हा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत चालले. नव्या ख्रिस्ती झालेल्यांनी जुन्या चालीरीती पाळल्या की त्यांना इथे खेचत. ज्या संताच्या दर्शनाला आजही जगभरातून माणसे येतात त्या फ्रान्सिस झेवियरनेच १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशन मागितले होते. त्यांचा देह रस्त्यापलीकडे बॉम जीझसच्या बॅसिलिकात आहे. सरांनी ही गोष्ट सांगितली आणि मग त्या दिशेला पाहून हळूच क्रूसाची खूणही केली. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच मिनिटात केल्या. आमच्या तरुण सहकाऱ्याने ते पाहिले. दुपारनंतर त्याचा आवाज चढला नाही.

या न्यायालयाच्या तावडीतून मेलेलेही सुटले नाहीत. गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. आपल्या अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याची ये-जा होती. तिथल्या मुसलमान हकिमांशी आणि इथल्या वैद्यांशी बोलून त्याने हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला आणि १५६३ मध्ये तो गोव्यातच छापला. १५६८ मध्ये तो वारला. पुढे तो छुपा ज्यू होता असे ठरवून १५८० मध्ये त्याची हाडे थडग्यातून काढून जाळण्यात आली. दुसऱ्या बाजूने पाहावे तर याच राजवटीत इंग्लंडहून आलेला फादर स्टीफन्स हा पाद्री मराठीच्या प्रेमात पडला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, तेही मराठी ओव्यांत. घरी कोकणी बोली बोलणारे, शाळेत उर्दूत शिकवणारे आणि हा लेख मराठीत लिहिणारे आम्ही, आम्हाला त्या परक्या पाद्रीबद्दल आपुलकी वाटली तर नवल नाही.

चहाच्या टपरीवर बसलो असता थोरल्या आपांनी सरांना विचारले, “तुमच्या घराण्यात हे कधी झालं, माहीत आहे का?”

“साल माहीत नाही, पण आधीचं आडनाव माहीत आहे,” सर म्हणाले. “आणि देवीही माहीत आहे. आमच्या घरची देवी नदीपलीकडं गेली, आम्ही इथंच राहिलो. माझी आजी जिवंत होती तोवर दरवर्षी तिच्याकडं तेल पाठवायची. पाद्रीला सांगायचं नाही, एवढी अट.”

“नदीपलीकडे म्हणजे?”

“अंत्रूज महालात. आताचं फोंडं. टीचर, तुम्हाला आदिलशहा बघायचा होता ना? मग तिथं जा. इथं त्याची नुसती चौकट आहे.”

त्यांच्या सांगण्यावरून आम्ही दुपारी गाडी करून फोंड्याला गेलो. वाटेत म्हार्दोळजवळ मंगेशीचे देऊळ लागते. हा देव मूळचा साष्टीतील कुशस्थळीचा, आताचे कुठ्ठाळी. तिथे देवळांवर संकट आले तेव्हा भक्तांनी १५६० मध्ये लिंग उचलले आणि जुवारी ओलांडून प्रियोळला आणले. कवळ्याची शांतादुर्गाही अशीच केळशीहून आली. हे देव नदी ओलांडून कोणाच्या मुलखात आले? अंत्रूज महाल तेव्हा विजापूरच्या आदिलशहाच्या ताब्यात होता.

थोडे पुढे फोंड्यात साफा मशीद आहे. जांभ्या दगडाची, साधी, समोर पायऱ्यांची मोठी तळी आणि तळीच्या भिंतींत मिहराबीच्या आकाराचे कोनाडे. तीही आदिलशाहीत, १५६० मध्येच बांधलेली. आम्ही वजू केली आणि असरची नमाज पढलो. नंतर तळीच्या काठावर बसून धाकट्या आपांनी वहीत लिहिले : १५६०, इन्क्विझिशन. १५६०, मंगेश नदीपार. १५६०, साफा मशीद. एकाच सालात, चालत एका दिवसात गाठता येईल एवढ्या टापूत, या तीन गोष्टी घडल्या होत्या.

आमचा तरुण सहकारी खूश झाला. “बघा! देवाला आश्रय कोणी दिला?”

या वेळी आम्हीच त्याला थांबवले. मंगेश ज्या साष्टीतून निघाला ती साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगिजांना कोणी दिली होती? आदिलशहानेच. गादीवर हक्क सांगणारा त्याचा भाऊबंद पोर्तुगिजांच्या हाती होता, त्याचा काटा निघावा म्हणून बारदेश आणि साष्टी देऊन टाकली. एका हाताने मुलूख दिला आणि दुसऱ्या हाताने त्या मुलखातून पळालेल्यांना जागा मिळाली. ती जागा पुण्य म्हणून दिली की वसलेला गाव सारा भरतो म्हणून दिली, हे तो जाणे आणि अल्लाह जाणे. पण जागा मिळाली आणि देव आजही तिथे आहेत, हेही खरेच. बादशहाला वकील देण्याचे कारण नाही आणि त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून आपण त्याच्या बाजूला उभे राहण्याचेही नाही. आश्रय खरा त्या गावकऱ्यांनी दिला, ज्यांनी रात्री नदी ओलांडून आलेल्यांना अंगणात उतरू दिले. त्यांची नावे कोणत्या ताम्रपटात नाहीत.

सुट्टी संपली. वर्गात पोर्तुगिजांचा धडा केव्हाच मागे पडला होता, तरी आम्ही एक तास मागून घेतला. फळ्यावर नदी काढली. इकडे कॅथेड्रल, तिकडे देऊळ आणि मशीद. मध्ये एक रिकामी चौकट काढली आणि मुलांना विचारले, या दरवाजातून कोण कोण गेले असेल, सांगा. मुले सांगू लागली. आदिलशहा. अल्बुकर्क. व्हाइसरॉय. मग एकाने सांगितले, दगड कोरणारे. दुसऱ्याने सांगितले, घोडेवाले. मुलींपैकी एक म्हणाली, झाडू मारणारी बाई. फळ्यावर जागा पुरेना.

सहा हजारांचेही सांगितले, दिवाडीच्या देवळाचेही सांगितले. राहिलेल्या बायकांचे सांगावे की नाही, मुले लहान आहेत, असा विचार मनात आला. पण सांगितले.

मग त्या तांडेलाच्या मुलाकडे पाहून आम्ही म्हणालो, “तू विचारलं होतंस, हम जीते या हारे. आता तूच सांग.”

तो उभा राहिला. बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला. आम्हाला वाटले, उत्तर येते की काय. त्याने उलट विचारले, “सर, जो औरतें वहाँ रह गयीं, वो किसकी तरफ थीं?”

या वेळी वर्ग हसला नाही. घंटा झाली, पुढचा तास हिसाबचा होता. हा प्रश्न परीक्षेत येणार नाही, हे मुलांनाही ठाऊक आहे. तरी आम्ही तो फळ्यावर लिहिला आणि मुलांना म्हटले, वहीत उतरवून घ्या. खाली तारीख घाला.